चौथा मजला कोणासाठी?

जूनमध्ये ठाण्याला आले आणि दुसऱ्याच दिवशी शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर निरोप आला. संस्थेला इमारतीवर चौथा मजला चढवायचा आहे, परदेशातल्या मैत्रिणींनी सढळ हाताने मदत करावी. मी फोन आईपुढे धरला. आईने याच शाळेत ३१ वर्षं शिकवलं. तिने सावकाश वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "अगं, पण वर बसायला मुलं कुठून आणणार?"

हाच प्रश्न मी कॅलिफोर्नियातही गेली काही वर्षं ऐकते आहे, म्हणून आज हे लिहायला बसले.

आमच्या लहानपणी सप्टेंबर उजाडला की आईचा कॅटलॉग, म्हणजे वर्गाच्या हजेरीची वही, घरी यायचा. निळ्या कापडी पुठ्ठ्याचा, कोपरे झिजलेला. रात्रीची जेवणं आटोपली की ती एकेका नावावर पेन्सिल टेकवत मोजायची. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरतं. पट घसरला की पद जातं आणि कुणीतरी 'अतिरिक्त' होतं. मग समायोजन, म्हणजे कुठे पाठवतील तिथे जायचं. तिच्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत तर शिक्षिका मे महिन्याच्या उन्हात किसननगर, लोकमान्यनगरच्या गल्ल्यांतून प्रवेशाची पत्रकं वाटत फिरायच्या. मी होते तेव्हा पाचवीला अ ते ई तुकड्या होत्या. आता एकच आहे.

मुलं गेली कुठे, ते ठाणेकरांना सांगायला नको. इंग्रजी माध्यमाची ओढ आहेच. पण नौपाडा-पाचपाखाडीतल्या चाळी पाडून इमारती झाल्या, आणि तरुण जोडप्यांनी परवडेल तिथे, बदलापूर-टिटवाळ्याकडे घरं घेतली, हेही तितकंच खरं. तिकडे घोडबंदर रोडला उंच टॉवर आधी उभे राहिले, शाळा मागून आल्या. तिथली मुलं शाळेच्या बसमध्ये बसून कापूरबावडी, माजिवड्याच्या कोंडीत सकाळ घालवतात. शाळेची इमारत एका जागी, मुलं दुसरीकडे.

कॅलिफोर्नियात गेल्यावर वाटलं होतं की हा गोंधळ मागे राहिला. तसं झालं नाही. तिथल्या सरकारी शाळांत २००४-०५ मध्ये ६३ लाखांहून जास्त मुलं होती, २०२३-२४ मध्ये ती साधारण ५८ लाखांवर आली. अमेरिकेत २००७ साली सुमारे ४३ लाख बाळं जन्मली, २०२३ मध्ये सुमारे ३६ लाख. २००७ ची ती मुलं आता कॉलेजात पोचली, त्यामुळे यापुढे गळती कॉलेजांनाही लागणार. शिवाय आमच्या भागात घरांच्या किमती अशा की लहान मुलं असलेली कुटुंबं दुसऱ्या राज्यात निघून जातात. नौपाड्याचीच गोष्ट, फक्त बदलापूरच्या जागी टेक्सास.

आणि तरीही बांधकामाला पैसा मिळतो. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत 'प्रपोझिशन २' मतदानाला होतं: राज्याने १००० कोटी डॉलरचे कर्जरोखे काढायचे, त्यातले ८५० कोटी शाळांच्या आणि १५० कोटी कम्युनिटी कॉलेजांच्या इमारतींसाठी. ते मंजूर झालं. यापेक्षा मोठा, १५०० कोटींचा प्रस्ताव मार्च २०२० मध्ये लोकांनी नाकारला होता. गावच्या शाळांसाठी स्थानिक रोखे वेगळे, त्यांना २००० सालच्या नियमानुसार ५५ टक्के मतं लागतात आणि त्यांची फेड घराच्या करातून होते. नागरिकत्व मिळाल्यावर मतपत्रिका पहिल्यांदा हातात आली, तेव्हा शाळेचं छप्पर दुरुस्त करायचं की नाही यावर मला शिक्का मारता येतो याचं फार अप्रूप वाटलं होतं. आजही वाटतं.

बांधकाम महाग असतं, त्यामागे एक चांगलं कारणही आहे. मार्च १९३३ मध्ये लाँग बीचला भूकंप झाला आणि ७० शाळा जमीनदोस्त झाल्या. संध्याकाळची वेळ होती म्हणून मुलं वाचली. महिन्याभरात फील्ड अॅक्ट आला. तेव्हापासून शाळेच्या इमारतीचा आराखडा राज्याकडून तपासून घ्यावा लागतो. दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी वाचणाऱ्या ठाणेकराला याचं मोल वेगळं सांगायला नको. बिल्डरलाही तिथे शाळेसाठी शुल्क भरावं लागतं, २०२४ मध्ये घरांच्या बांधकामावर चौरस फुटाला ५.१७ डॉलरपर्यंत. घोडबंदरला जाताना हा आकडा मला दर वेळी आठवतो.

अडचण पुढे आहे. स्थानिक रोख्यांचा पैसा कायद्याने इमारतीवरच खर्च करावा लागतो, शिक्षकांच्या पगाराला त्यातला एक डॉलरही लावता येत नाही. पगार ज्या पैशातून होतात तो मुलांच्या सरासरी हजेरीवर येतो. नुसत्या पटावर नाही, रोजच्या हजेरीवर. म्हणूनच डिसेंबरात तीन आठवडे भारतात यायचं म्हटलं की शाळेचं ऑफिस आधी करारपत्र पुढे ठेवतं: मुलीने ठरलेला अभ्यास पूर्ण केला तर तिची हजेरी धरली जाईल. पहिल्यांदा त्यावर सही करताना मला आईचा कॅटलॉगच दिसला.

मुलगी तिसरीत असताना तिची शाळा शेजारच्या शाळेत विलीन करायचं ठरलं. ते सांगायला पालकांना बोलावलं ते दोनच वर्षांपूर्वी रोख्यांतून बांधलेल्या हॉलमध्ये. फरशीला अजून चकाकी होती, खुर्च्यांच्या पायांना चिकटवलेले फेल्टचे तुकडेही नवे होते. पडद्यावर आलेख खाली खाली जात होता आणि बालवाडीची बाई मागच्या दाराशी उभी राहून डोळे पुसत होती. हॉल बांधायला पैसा होता, तिला ठेवायला नव्हता. त्या हॉलसाठी मीही मत दिलं होतं. रोखे काढण्याआधी पुढच्या दहा वर्षांत किती मुलं येतील हे मी विचारलंच नव्हतं, आणि याचा मला आजही त्रास होतो.

आपल्याकडच्या अनुदानित शाळांत चित्र थोडं वेगळं आहे. पगार सरकारचा, पटापुरता. इमारत संस्थेने देणग्यांतून उभी करायची. पण देणगीदाराला भिंतीवर नावाची पाटी दिसते, रिक्षाने शाळेत आलेलं मूल दिसत नाही. म्हणून दोन्हीकडे माणसांआधी भिंती वाढतात.

परवा आईबरोबर शाळेत जाऊन आले. पाऊस धो धो चालला होता. तिसऱ्या मजल्यावर तीन वर्ग कुलूपबंद, आणखी एका वर्गात गळतीखाली बादली ठेवलेली. मुख्याध्यापिका आईच्याच विद्यार्थिनी. त्या म्हणाल्या, "बाई, लोकमान्यनगरच्या दहा-बारा मुली यायला तयार आहेत, पण रिक्षाचे पैसे आईबापांना झेपत नाहीत."

रात्री ग्रुपवर लिहिलं की चौथ्या मजल्याला मी पैसे देणार नाही. गळती काढायला देईन, आणि त्या मुलींच्या रिक्षाला दरमहा देईन, त्या दहावी होईपर्यंत. काहीजणींना राग आला आहे. दोघींनी रिक्षात वाटा उचलायचं कळवलं आहे. रविवारी शाळेतच बैठक आहे, आईही येणार आहे. तिने जुना कॅटलॉग कपाटातून काढून ठेवला आहे.