कांगारूवाला क्लब

आज प्रागच्या व्रशोवित्से भागात फुटबॉलची मॅच बघून आलो. ट्राममधून उतरलो तर सगळीकडे हिरवे-पांढरे मफलर आणि प्रत्येकावर कांगारू! युरोपच्या मधोमध कांगारू कुठून आला, हे शेजारी उभ्या असलेल्या आजोबांना विचारलं. त्यांनी हातातला बिअरचा ग्लास खाली ठेवला आणि सुरू झाले.

क्लब १९०५ चा, नाव एएफके व्रशोवित्से. १९२७ मध्ये ऑस्ट्रेलिया दौरा ठरला. आता 'व्रशोवित्से' तिकडे कोण उच्चारणार? (मला अजून जमत नाही.) म्हणून 'बोहेमियन्स' झाले. परत येताना भेट मिळालेले दोन जिवंत कांगारू घेऊन आले, तेव्हापासून छातीवर कांगारू!

मैदानाचं लाडकं नाव 'द्योलिचेक', म्हणजे छोटासा खळगा. खरंच तसंच आहे, चहूबाजूंनी इमारती. बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीही दिसतात. समोर मॅच आणि माझं लक्ष चादरींवर, काय करणार!

चेकोस्लोव्हाकियाचा फुटबॉलपटू पानेन्का याच क्लबचा. १९७६ च्या युरो (युरोपची फुटबॉल स्पर्धा) फायनलला, बेलग्रेडमध्ये, पेनल्टीच्या वेळी पश्चिम जर्मनीचा गोलकीपर माएर एका बाजूला झेपावला आणि याने चेंडू अलगद मधोमध सोडला. त्या फटक्याला जगभर त्याचंच नाव पडलं. क्लबने देशाची लीग मात्र एकदाच जिंकली, १९८३ मध्ये.

२००५ मध्ये क्लब दिवाळखोरीत गेला, तेव्हा चाहत्यांनी खिशातून पैसे काढून तो वाचवला. हे सांगताना आजोबांचा आवाज जरा बसला. मग गोल झाला आणि त्यांची बिअर माझ्या बुटांवर.