केसीएलचं अ‍ॅम्प्युल आणि 20 मिनिटांची बैठक

मेडिसिन वॉर्डात सकाळी आठला पाळी बदलते. रात्रीच्या सिस्टर एकेका रुग्णाची माहिती देत होत्या, तेवढ्यात मागून मावशी म्हणाल्या, "ताई, ट्रेत ते दुसरं औषध परत आलं होतं. पोरीनं काढून ठेवलंय." पोर म्हणजे नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. दुसरं औषध म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, वॉर्डच्या भाषेत केसीएल. आणि ट्रे होता इंजेक्शनच्या पाण्याचा.

रुग्णालयाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. सेफ्ट्रियाक्सोन या प्रतिजैविकाची 1 ग्रॅमची भुकटी शिरेतून द्यायची तर 10 मिली पाण्यात विरघळवतात आणि दोन-चार मिनिटांत हळूहळू देतात. केसीएलचं अ‍ॅम्प्युलही (सीलबंद छोटी कुपी) 10 मिलीचंच, त्यात 20 मिलिइक्विव्हॅलंट (क्षारांचं प्रमाण मोजायचं एकक) पोटॅशियम. ते 500 मिली सलाइनमध्ये मिसळून, हाताच्या शिरेतून साधारणपणे तासाला 10 मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नाही, अशा गतीने द्यायचं असतं. तेच पाणी समजून भुकटीत मिसळलं आणि पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्येच सांगितलं होतं की असली तीव्र द्रावणं वॉर्डच्या साठ्यात ठेवू नका.

त्या रात्री कुणाला काही झालं नाही. तरीही वर्षभरातल्या प्रत्यक्ष अपघातांपेक्षा ही घटना मला मोठी वाटते, आणि त्याचं कारण मावशींच्या वाक्यातलं "परत". म्हणजे हे आधीही झालं होतं. विद्यार्थिनीने आधीही अ‍ॅम्प्युल उचलून जागेवर ठेवलं होतं आणि बोलली नव्हती, कारण शिकाऊ मुलीने सीनिअर सिस्टरच्या ट्रेत चूक दाखवायची नसते, हे तिला कुणी न सांगताही ठाऊक होतं. मावशींना तिने सांगितलं, कारण मावशींकडे तिचं मूल्यमापन नाही. आमच्याकडच्या बहुतेक धोक्याच्या बातम्या अशाच वाटेने फिरतात. खालच्या फळीत सगळ्यांना माहीत असतात, वर कुणालाच नाही. त्या न घाबरता वर सांगता येणं, यालाच मानसिक सुरक्षितता म्हणतात.

इन्चार्ज सिस्टरांच्या ओठांवर प्रश्न आलाच होता, "ट्रे भरला कुणी?" अत्यंत स्वाभाविक प्रश्न, पण तो पहिला आला की पुढचं सगळं बंद होतं. ज्याने भरला तो गप्प बसतो, ज्याने पाहिलं त्याला आपण चहाडी केल्यासारखं वाटतं. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी, "बरं झालं सांगितलंत." मग, "आत्ता कुणाला धोका आहे का?" मग, "मला जागा दाखवा." नाव यातल्या एकाही पायरीत लागत नाही. सगळ्या वॉर्डांचे पाण्याचे ट्रे लगेच तपासले, अ‍ॅम्प्युल पिशवीत घालून बॅच क्रमांकासह ठेवलं, ट्रेचा जसाच्या तसा फोटो काढला. विद्यार्थिनीचं कौतुक केलं, पण हळू आवाजात आणि बाजूला घेऊन. सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या की रात्रीच्या सिस्टर आपोआप आरोपी ठरतात, आणि पुढचे सहा महिने त्या मुलीला त्यांच्याच हाताखाली काढायचे असतात.

बैठक दुपारी दीडला ठेवली, दोन्ही पाळ्यांची माणसं सापडतात तेव्हा. जागा मेट्रन मॅडमच्या केबिनऐवजी वॉर्डची पँट्री, सगळे उभे, वेळ 20 मिनिटं. रात्रपाळीच्या सिस्टरांना झोपेतून उठवून बोलावलं नाही, त्यांचं म्हणणं सकाळीच घेतलं होतं. बोलण्याचा क्रम खालून वर: मावशी, विद्यार्थिनी, स्टाफ नर्स, इन्चार्ज, फार्मासिस्ट, निवासी डॉक्टर आणि सगळ्यात शेवटी कन्सल्टंट. हा क्रम मोडला की बैठक वाया जाते. मोठे सर आधी बोलले की बाकीच्यांना फक्त मान हलवण्याचं काम उरतं.

प्रश्न एकच होता, ते अ‍ॅम्प्युल तिथवर पोचलं कसं? उत्तर तुकड्यातुकड्याने आलं. पाण्याचा पुरवठादार बदलला होता आणि नवीन अ‍ॅम्प्युल केसीएलसारखंच पारदर्शक प्लास्टिकचं, छपाईही जवळजवळ त्याच रंगाची. रात्रीचा इंडेंट, म्हणजे वॉर्डने मागवलेली औषधं, फार्मसीतून एकाच पिशवीत येतो. ती पिशवी ज्याचा हात मोकळा असेल तो रिकामी करतो, बऱ्याचदा मावशीच. त्यांना लेबल वाचता येत नाही, त्या आकार पाहून लावतात. हे त्यांनी स्वतः सांगितलं. मावशींनी कन्सल्टंटसमोर हे सांगावं, याचं मोल त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं असावं.

एवढ्यात सर म्हणाले, "हा निव्वळ निष्काळजीपणा आहे, लेबल वाचायला काय होतं?" पँट्रीत एकदम शांतता. अशा वेळी वरिष्ठांशी वाद घालून उपयोग नसतो, त्यांना अपराधी ठरवलं तर तेही आपली बाजू राखायला लागतात. त्यांना माहितीचा प्रश्न विचारावा, ज्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडे आहे. मी विचारलं, "सर, रात्री दोनला तुम्ही फोनवर केसीएल सांगता, तेव्हा ते किती वेळात सुरू व्हायला हवं असतं?" ते थांबले. मग म्हणाले, "अर्ध्या तासात. आणि फार्मसीला तेवढ्यात जमत नाही म्हणून वॉर्डात साठा ठेवा असं मीच सांगितलं होतं." त्यानंतर निवासी डॉक्टर बोलले, की फोनवरची ऑर्डर खात्रीसाठी ते सरांना परत वाचून दाखवत नाहीत, कारण सर चिडतात. त्या 20 मिनिटांत सर्वांत जास्त काम सरांच्या त्या एका वाक्याने केलं. वरच्या माणसाने आपला वाटा आपल्या तोंडाने सांगितला की खालच्यांना परवानगी वेगळी द्यावी लागत नाही.

निर्णय तीन झाले. केसीएल त्याच दिवशी वॉर्डातून काढलं, आणि रात्रीसाठी आयसीयूत कुलूपबंद पेटी, दोघांच्या सहीने उघडायची. फार्मसीने उच्च जोखमीची औषधं लाल पिशवीत वेगळी पाठवायची आणि ती नर्सनेच उघडायची. पाण्याच्या अ‍ॅम्प्युलचा नमुना खरेदी समितीपुढे ठेवायचा. प्रत्येकापुढे जबाबदार माणूस आणि तारीख लिहून कागद वॉर्डच्या बोर्डवर लावला. ज्यांनी तोंड उघडलं त्यांना 48 तासांत काय झालं ते कळलंच पाहिजे, भले उत्तर "अजून नाही" असो. आमची जुनी सूचनापेटी याच कारणाने मेली. चिठ्ठ्या पडायच्या, उत्तर कधीच यायचं नाही, आणि पेटी होती सीसीटीव्हीच्या बरोबर समोर.

मानसिक सुरक्षितता म्हणजे सगळ्यांना माफी, असा समज व्यवस्थापनात पक्का आहे, आणि तो खोडला नाही तर पुढे सरकता येत नाही. आम्ही रेषा लेखी दिली आहे. अनवधानाने झालेली चूक: शिक्षा नाही, व्यवस्था दुरुस्त करायची. सवयीने घेतलेला धोका, उदाहरणार्थ दुसऱ्या नर्सकडून तपासून न घेणं: समज द्यायची, आणि ती सवय का लागली ते शोधायचं, बहुतेकदा माणसं कमी असतात. जाणूनबुजून बेदरकारपणा, नशेत ड्यूटी, नोंदीत खाडाखोड: शिस्तभंगाची कारवाई, चर्चा नाही. ही रेषा आधी माहीत असेल तरच लोक बोलतात. घटना झाल्यावर काढलेली रेषा माणूस पाहून काढल्यासारखी दिसते.

पुढच्या महिन्यात त्या वॉर्डातून थोडक्यात टळलेल्या घटनांचे अहवाल वाढले, आणि वरून अपेक्षित प्रश्न आला, चुका का वाढल्या? हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधचुका अभ्यासताना हेच दिसलं होतं. चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या, कारण तिथे त्या लपत नव्हत्या. आमच्या तक्त्यावर आता दोन रेघा वेगळ्या काढतो: टळलेल्या घटना आणि रुग्णाला प्रत्यक्ष झालेली इजा. दोन्ही एकत्र मोजल्या तर प्रामाणिक वॉर्ड सर्वांत वाईट दिसतो.

मोजणीबाबत आणखी एक. "तुम्हाला इथे सुरक्षित वाटतं का?" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. आम्ही विचारतो: रात्री डॉक्टरांना उठवताना कचरता का? डोस चुकीचा वाटला तर आधी कुणाला सांगता? मागच्या वेळी सांगितलं तेव्हा काय झालं? उत्तरं चिठ्ठीवर, फक्त खुणा करून, कारण हस्ताक्षर सगळे ओळखतात. पाचापेक्षा कमी माणसं असतील तर उत्तरांची पदानुसार फोड करत नाही.

विद्यार्थिनीकडे दोन आठवड्यांनी पुन्हा गेले, कारण सूड उगवला जातो तो उघड नव्हे, ड्यूटीच्या तक्त्यातून. तिला सलग रात्रपाळ्या लागल्या आहेत का, कॉलेजला जाणाऱ्या शेऱ्यात "उद्धट" असा शब्द आला आहे का, हे कागदावर पाहिलं. शेरा ठीक होता. रात्रपाळ्या मात्र नेहमीपेक्षा जास्त होत्या. इन्चार्ज सिस्टरांचं म्हणणं, योगायोग. तक्ता त्याच दिवशी बदलून घेतला, आणि वॉर्डातून कुणी काही नोंदवलं की पुढचा महिनाभर त्याचा ड्यूटी तक्ता मेट्रन मॅडमनी तपासायचा, असं ठरलं. फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखवण्याचं अजून सगळ्या डॉक्टरांनी स्वीकारलेलं नाही. त्यासाठी त्या त्या विभागप्रमुखांशी एकेकट्याने बोलणं चालू आहे.