स्कोपी नाही, सोनोग्राफी नाही, तरी निदान झालं: इंग्लंडमधला जीपी आणि माझं आयबीएस

घरी फोन केला की आईचा प्रश्न ठरलेला, "अगं पण सोनोग्राफी तरी केली का त्यांनी?" नाही केली. आणि ते बरोबरच होतं असं माझं ठाम मत आहे, म्हणून आज सविस्तर लिहितेय, कारण आपल्याकडे हाच आयबीएसचा, म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोमचा (पोट दुखतं, फुगतं, शौचाची सवय बिघडते, पण स्कॅनमध्ये काही दिसत नाही) त्रास असलेले कितीतरी लोक "गॅस आहे", "पोट साफ होत नाही" म्हणत वर्षानुवर्षं एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये फिरत असतात.

मी राहते लीड्सला. इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, पोटाच्या स्पेशालिस्टकडे थेट जाता येत नाही, आधी जीपी, म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर, आणि भेटीला वेळ साधारण दहा मिनिटं. माझ्या डॉक्टर बाईंनी त्यातला बराचसा वेळ नुसते प्रश्न विचारले. कळ येते ती संडासला जाऊन आल्यावर थांबते का, जाऊन आलं तरी अजून राहिल्यासारखं वाटतं का, जेवल्यावर वाढतं का, पोट फुगतं का, आव पडते का. मग एक चित्रांचा तक्ता पुढे ठेवला, ब्रिस्टल स्टूल चार्ट, शौचाचे सात प्रकार, खड्यांसारखं घट्ट ते अगदी पाण्यासारखं, आणि म्हणाल्या बोट ठेवून दाखव. लाज वाटण्यासारखं काहीच राहिलं नाही त्यामुळे, खूप छान पद्धत वाटली मला.

हे प्रश्न त्यांच्या मनाचे नसतात. नाइस नावाची संस्था इथल्या डॉक्टरांसाठी नियमावली काढते, आयबीएसची 2008 ची आहे. किमान 6 महिने पोटदुखी, पोट फुगणं किंवा शौचाच्या सवयीत बदल असेल तर आयबीएसचा विचार करायचा, मग दुखण्याचा शौचाशी संबंध आहे का ते बघायचं. सोबत रक्ताच्या मोजक्याच टेस्ट: सीबीसी, सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, आणि सिलिॲकची, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही का त्याची. बऱ्याचदा शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्टही करतात, आतड्याला खरी सूज असेल, क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, तर ती सहसा वाढलेली येते. माझं सगळं नॉर्मल आलं. सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, थायरॉईड हे सगळं लक्षणं जुळत असतील तर करायची गरज नाही असं त्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय.

पण हे धोक्याची खूण नसेल तरच हं. वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त, ॲनिमिया, घरात कोणाला आतड्याचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर, साठीनंतर अचानक बदललेली सवय, यातलं काही असलं की पुढच्या तपासण्या लगेच. बायकांचं पोट सारखं फुगलेलं राहत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर ओव्हरीच्या कॅन्सरसाठी सीए 125 ही रक्ताची टेस्ट करतात, हे आपल्याकडच्या मावशी-काकूंनी जरूर लक्षात ठेवा. आणि तिकडे भारतात आतड्याचा टीबी, अमिबा, जिआर्डिया हे इथल्यापेक्षा जास्त आढळतं, तेव्हा तिथले डॉक्टर स्टूल टेस्ट सांगत असतील तर ती करा, इथल्या नियमाने तिथे चालू नका.

उपचारांत पहिलं नाव आलं ते इसबगोलचं! इथे केमिस्टकडे फायबोजेल म्हणून पाकिटं मिळतात, तेच ते. गव्हाचा कोंडा मात्र खाऊ नकोस म्हणाल्या, त्याने फुगणं वाढू शकतं. वेळेवर जेवण, चहा-कॉफी मिळून दिवसाला तीन कप, फळं बेतानं, कळ येते तेव्हा मेबेव्हेरिन किंवा पेपरमिंट ऑइलच्या कॅप्सूल.

त्याने भागलं नाही तेव्हा डायटिशियनकडे पाठवलं, लो फॉडमॅप डाएटसाठी. हे मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीतून आलेलं, आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ काही आठवडे बंद करायचे आणि मग एकेक करून परत आणून बघायचे की नक्की कोण त्रास देतंय. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, आंबा, म्हणजे आपलं अर्धं स्वयंपाकघरच गेलं. पण भात चालतो, ज्वारीची भाकरी चालते, आणि लसूण तेलात परतून काढून टाकला तर ते तेल फोडणीला चालतं, कारण त्रास देणारा घटक तेलात उतरत नाही. हिंगाच्या डबीवर घटक वाचा, बऱ्याच हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. एकच सांगते, हे जन्मभर करायचं डाएट नाही आणि यूट्यूब बघून एकट्याने करू नये, खाणं फार आखडतं.

आता ज्या गोळीवरून घरी सगळे घाबरले ती, अमिट्रिप्टिलिन. डिप्रेशनची गोळी का दिली, तुला वेड लागलंय का! नाही. डोस अगदी कमी, रात्री 10 मिलिग्रॅम, आतडं आणि मेंदू यांच्यातल्या नसा फार संवेदनशील झालेल्या असतात त्या शांत करायला. याची मोठी चाचणी, ॲटलांटिस नावाची, 2023 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, जीपींच्याच 463 पेशंटवर, त्यातले बरेच आमच्या वेस्ट यॉर्कशायरचे, आणि 6 महिन्यांनी नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा या लोकांना जास्त आराम होता. तोंड कोरडं पडतं, सकाळी जरा सुस्ती असते, ते खरंय. पण "सगळं मनाचे खेळ" म्हणून कोणाच्या दुखण्याला उडवून लावू नका प्लीज, दुखतं ते खरंच दुखतं, स्कॅनमध्ये दिसत नाही एवढंच.

आणि निदान झालं म्हणून फाइल बंद झालेली नाही. रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं, तर थांबू नकोस, लगेच ये, असं त्यांनी बजावून ठेवलंय.