आदेश आला, आता वर्ग

गुरुवार, रात्र

आज तो वर्गात परत आला. अकरावी, सायन्स. त्याचं नाव इथे लिहीत नाही, शाळेचंही नाही. बाल न्याय कायदा, २०१५ मधल्या कलम ७४ प्रमाणे गुन्ह्याच्या तक्रारीत नाव आलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. ती नसती तरी मी लिहिलं नसतं.

इंदूरच्या भंवरकुआंला कोचिंग सुटल्यावर मारामारी झाली, मोठ्या पोरांबरोबर तक्रारीत ह्याचंही नाव आलं. पुढे तपासात दिसलं की त्या वेळी तो तिथे नव्हताच. किशोर न्याय बोर्डाने कलम १७ खाली तसा आदेश दिला, ह्या मुलाने गुन्हा केलेला नाही. आईने तो कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणला होता. गेटपाशी मला थांबवून म्हणाली, "मॅडम, त्याला वेगळं काही नको. बाकीच्यांसारखा बसू दे फक्त."

एवढंच मागणं, आणि तेच किती अवघड करून ठेवलंय आपण! प्रकरण चालू असताना शाळेने तोंडी सांगितलं होतं, "निकाल लागेपर्यंत घरीच राहू द्या." लेखी काही नाही. लेखी दिलं की कारण द्यावं लागतं. आठवीपर्यंतच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याने शाळेतून काढता येत नाही, पण हा अकरावीतला, ते कवच त्याला नाही. तरी बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मधलं पहिलंच तत्त्व आहे की मुलाला निर्दोष धरूनच चालायचं. मग तो घरी का बसला? बोर्डाने चौकशी चार महिन्यांत संपवावी असं कायदा सांगतो. अकरावीत चार महिने म्हणजे केमिस्ट्रीतलं बाँडिंग गेलं, थर्मोडायनॅमिक्स गेलं, सहामाही गेली.

आदेश हातात आल्यावरही ऑफिसने आईला सांगितलं, थान्यातून, म्हणजे पोलीस स्टेशनातून, चारित्र्याचा दाखला आणा. हे ऐकून मला खरोखर संताप आला. त्याच कलम ७४ मध्ये लिहिलंय की अशा दाखल्यासाठी किंवा आणखी कशासाठी पोलिसांनी मुलाची नोंद उघड करायची नाही. आणि कलम २४ तर आणखी पुढे जातं. प्रौढ म्हणून ज्यांच्यावर खटला चालतो ती प्रकरणं सोडली, तर दोषी ठरलेल्या मुलालाही त्यापायी कुठली अपात्रता लागत नाही. इथे तर दोषच नाही. आपण निर्दोष आहोत हे त्याने पुन्हा कुणाकुणापुढे सिद्ध करायचं?

स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "बाकीच्या पालकांना काय सांगणार?" त्यांचा प्रश्न वाईट हेतूने नव्हता. फोन त्यांनाच येतात. मी म्हटलं, सर, काही सांगायचं नाही. मुलाची माहिती गोपनीय आहे, शाळा ती चर्चेला घेत नाही, एवढं एक वाक्य सगळ्यांनी सारखं म्हणायचं. आपण चाचरलो की लोक आपल्या मनाने गोष्ट पूर्ण करतात.

वर्गात मी भाषण केलं नाही. त्याला उभं करून "स्वागत" वगैरे तर मुळीच नाही. हजेरीत नाव घेतलं, तो "येस मॅडम" म्हणाला, आवाज जरा बसका. मग विचारलं, बाँडिंगच्या नोट्स ह्याला कोण देणार? दोन वह्या पुढे आल्या. तिसरी मुलगी म्हणाली, माझं अक्षर वाईट आहे पण डायग्राम्स पूर्ण आहेत.

खरी परीक्षा लॅबमध्ये होती. तिथे जोड्या ठरलेल्या, आणि ह्याचा जोडीदार मधल्या काळात दुसऱ्या टेबलवर गेलेला. तो बेसिनजवळ उगाच ब्युरेट, ती थेंब थेंब सोडायची काचेची नळी, धूत उभा राहिला, एकदा धुतलेली पुन्हा. मी जुन्या जोडीदाराला नावाने हाक मारून परत बोलावलं. ऑक्झॅलिक ॲसिड फ्लास्कमध्ये, सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमध्ये, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. पहिलं रीडिंग चुकलं, नॉब जास्त सुटला आणि फ्लास्क फिकट गुलाबीऐवजी भडक गुलाबी झाला. जोडीदार म्हणाला, "अबे, थेंब थेंब!" त्या "अबे"ने माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. नंतर दोघांची तीन रीडिंग्ज जुळेपर्यंत घंटा होऊन गेली होती, पुढचे सर दारात उभे होते, तरी मी त्यांना उठवलं नाही.

आता प्रश्न हजेरीचा. नियमित विद्यार्थ्याला ७५ टक्के लागते आणि त्याची भरत नाही. ऑफिसचा सल्ला असा की पुढच्या वर्षी बारावीचा फॉर्म प्रायव्हेट भरू द्या. हा सल्ला मला मान्य नाही. तो आजारी नव्हता, पळालेला नव्हता, शाळेनेच त्याला घरी ठेवलं. मग ती गैरहजेरी त्याच्या नावावर कशी? प्रायव्हेट म्हणजे पुन्हा घरी बसणं, आणि लॅबचं काय करायचं?

संध्याकाळी अर्ज लिहून प्राचार्यांना दिला. शाळेच्या सांगण्यावरून झालेली गैरहजेरी माफ करावी, सहामाहीचा पेपर पुन्हा घ्यावा, राहिलेली प्रॅक्टिकल्स शनिवारी मी घेईन. थान्याच्या दाखल्याची मागणी ऑफिसने लेखी मागे घ्यावी, हेही त्यात घातलं. त्यांनी वाचून ठेवून घेतला, "बघू" म्हणाले. मी पोच मागितली, शिक्का मारून दिली. सोमवारी स्टाफ मीटिंग आहे. हजेरीचा विषय मी सुरुवातीलाच काढणार, आणि ते फोनवाले सर माझ्या बाजूने बोलतो म्हणालेत.