'सून' म्हणजे नक्की कधी?

दुकानावर 'ओपनिंग सून'चा बोर्ड दिसला की आपण काय समजतो, तर आत अजून फरशीसुद्धा बसलेली नाही. पण गंमत बघा, हा 'सून' जुन्या इंग्रजीत 'सोना' होता आणि त्याचा अर्थ होता ताबडतोब! लवकरच वगैरे नाही, आत्ताच्या आत्ता. मग लोक 'सून करतो' म्हणायचे आणि करायचे संध्याकाळी, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि शब्दच ढिला पडला बिचारा.

बरं हा एकटाच नाही. 'अनॉन' होता, मूळचा 'ऑन आन', म्हणजे एका झटक्यात. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागात गुत्त्यातला फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. युवराज हॅल त्याला मुद्दाम बोलण्यात गुंतवतो, बाजूच्या खोलीतून त्याचा दोस्त फ्रान्सिसच्या नावाने हाका मारत राहतो आणि हा आपला "अनॉन, अनॉन सर!" शेवटी दोघंही एकदम ओरडतात तेव्हा कुठे जावं ते न कळून मधेच थिजतो, वर मालकाच्या शिव्या. आपल्याकडच्या "आलो साहेब"चा सख्खा भाऊच म्हणा ना.

माझा सगळ्यात लाडका नमुना मात्र 1611 च्या किंग जेम्स बायबलमधला. हेरोदियाची मुलगी राजाकडे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं मुंडकं तबकात घालून मागते, आणि कधी हवंय तर 'बाय अँड बाय'. आजचा अर्थ लावून वाचलं तर वाटेल की घाई नाहीये हो, सवडीने द्या :) तिला हवं होतं तिथल्या तिथे.

'प्रेझेंटली'चंही तेच झालं, आधी तत्काळ, मग थोड्या वेळाने. आणि इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये 'डायरेक्टली'चं 'ड्रेकली' झालंय, त्याचा अर्थ होईल कधीतरी, बघू.

आपण तरी काय वेगळे, "निघालोच" म्हणणारा माणूस अजून टॉवेलवर असतो हे ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. म्हणून तर नुसतं 'लगेच' पुरत नाही, 'लगेचच' म्हणावं लागतं आणि समोरचा मुलगा असेल तर 'आत्ताच्या आत्ता' ओरडावं लागतं. इंग्रजांनीही नुसत्या 'नाऊ'वर भरवसा न ठेवता 'राइट नाऊ' केलंच की. दक्षिण आफ्रिकेत तर 'जस्ट नाऊ' म्हणजे नंतर कधीतरी आणि 'नाऊ नाऊ' म्हणजे त्यापेक्षा जरा लवकर, आत्ता मात्र दोन्हीतलं एकही नाही.