तुम्ही विचारलंत म्हणून: रायडर्सचं तिकीट मी का सोडलं

कोल्हापूरचे मित्र फोनवर विचारतात, ऑफिसातले चहाला विचारतात, इथं कॅनडात, रिजायनात गणपतीला भेटणारी माणसंही आरती संपली की विचारतात: ‘तुम्ही तर रायडर्सचे एवढे कट्टर. मग सीझन तिकीट का सोडलंत?’ 2025च्या नोव्हेंबरात रायडर्सनी, म्हणजे आमच्या इथल्या फुटबॉल टीमनं, मॉन्ट्रियालला 25-17 असं हरवून ग्रे कप, म्हणजे कॅनडाच्या लीगचा कप, आणला, तेव्हापासून प्रश्नाला शेपूटही फुटलंय. ‘आता पस्तावत असाल!’

आजवर मी तीन उत्तरं दिली. थंडी, पैसे, मुलीचे क्लास. तिन्ही खोटी. नोव्हेंबरात पायांना झिणझिण्या येईपर्यंत बसलेला माणूस आहे मी.

खरं कारण 2022चा सीझन. इथल्यांना त्याबद्दल काही सांगायला नको, पण कोल्हापूरकरांसाठी थोडक्यात. हे फुटबॉल म्हणजे अंड्यासारखा चेंडू हातात घेऊन पळायचं. त्या वर्षीची ग्रे कप फायनल रिजायनातच होती, आमच्याच मोझेक स्टेडियमवर. 2013 साली अशीच घरची फायनल रायडर्सनी जिंकली होती, त्यामुळं गाव आधीच गुलाल उधळायच्या तयारीत. पहिल्या पाचांत चार सामने जिंकले. मग गाडी घसरली ती घसरलीच. शेवटचे सातच्या सात सामने हरले, एकूण 6 जिंकले, 12 हरले, प्लेऑफ म्हणजे बाद फेरीसुद्धा नाही. आपल्याच मांडवात दुसऱ्याचं लग्न लागलं. टोरांटोनं विनिपेगला 24-23 हरवलं. माझं फायनलचं तिकीट मी विनिपेगच्या एका निळ्या जर्सीवाल्याला विकलं होतं. नफ्यात विकलं. विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो.

पण हरल्यामुळं तिकीट सोडलं असं कुणी समजू नका. मी शिवाजी पेठेत वाढलोय. शाहू स्टेडियमवर आपली टीम हरली की रात्री घरात कुणी जेवत नसे, आणि पुढच्या सामन्याला तीच माणसं तासभर आधी हजर. हरणं आम्हाला नवं नाही.

16 सप्टेंबर, शुक्रवार, संध्याकाळचा सामना, एडमंटनशी. आधीच्या दोन सामन्यांत विनिपेगनं आम्हाला हरवलं होतं. लेबर डेच्या वीकेंडला घरी 20-18, आणि सहाच दिवसांनी त्यांच्याकडं 54-20. एडमंटन तेव्हा लीगमधलं गरीब गिऱ्हाईक, म्हणजे हा सामना खिशातच. मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी. तिच्या अंगात हिरवी जर्सी, पाठीवर 7. सात नंबर म्हणजे आमचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, कोडी फहार्डो. शेजारच्या खुर्चीवर नेहमीचे आजोबा, जवळच्या मूस जॉ गावाकडचे शेतकरी, डोक्यावर कोरून पोकळ केलेलं कलिंगड. (आमच्याकडं हे हेल्मेट. हसू नका, आपल्याकडं लोक टीमच्या रंगात मोटारसायकली रंगवतात.)

फहार्डोचा गुडघा सीझनच्या सुरुवातीलाच दुखावला होता. पट्टा बांधून खेळत होता तो. आणि पुढं उभी असलेली आमची फळी म्हणजे मोडकं कुंपण. त्या वर्षी 18 सामन्यांत आमचे क्वार्टरबॅक 77 वेळा सॅक झाले, म्हणजे चेंडू फेकायच्या आतच समोरच्यांनी आडवे केले. त्या संध्याकाळीही तेच. तो परत एकदा खाली गेला, आणि उठायला वेळ लावला.

आजूबाजूला हुर्यो सुरू झाली. मी उभा राहिलो आणि पोटातून ओरडलो, ‘ए लंगड्या! ऊठ की!’

मराठीत. शाहू स्टेडियमवर ओरडायचो तस्सा. बारा हजार किलोमीटर लांब येऊनही घशातून तेच निघालं. कलिंगडवाले आजोबा खूश होऊन हसले, म्हणाले, काय म्हणालास? मी सांगितलं, ‘ऊठ, हिंमत धर, असं म्हणालो.’ त्यांना ते फार आवडलं. तीन-चारदा त्यांनी म्हणायचा प्रयत्नही केला, ‘लंगडा, लंगडा’. तो सबंध भाग मिळून मराठी येणारं माणूस एकच होतं, आणि ते सात नंबर पाठीवर घेऊन माझ्याकडं बघत होतं.

सामना 26-24 असा हरलो. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, ‘बाबा, त्याला ऐकू गेलं असेल?’

मी म्हणालो, ‘त्याला कुठं मराठी येतं?’

या उत्तराशी मी गेली काही वर्षं भांडतोय. 2022चा मी अजून म्हणतो, काय चुकलं? तिकिटाचे पैसे मोजलेत, ओरडणं त्यातच आलं. पेठेत याहून कितीतरी वाईट बोललोय आपण. खरंय. पण पेठेत ज्याला बोललो तो दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर भेटायचा आणि आईबहिणीसकट परत करायचा. हिशेब तिथंच मिटायचा. त्यावर तो म्हणतो, रिजायना तरी केवढं, सव्वादोन लाखांचं गाव, किराणा दुकानात भेटला असता तर बोलायचं होतंस. भेटला असता तर मी सेल्फी मागितला असता, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

ऑक्टोबरात फहार्डोला बाकावर बसवलं. सीझन संपल्यावर आक्रमणाचे कोच जेसन मास यांना काढलं. दोघंही मॉन्ट्रियालला गेले, मास हेड कोच म्हणून, आणि 2023चा ग्रे कप विनिपेगला 28-24 हरवून घेऊन गेले. सामनावीर, सात नंबर. त्याच वर्षी आम्ही मात्र पुन्हा 6-12, पुन्हा शेवटचे सात पराभव. म्हणजे लंगडं कोण होतं?

हे वाक्य मला फार आवडलं होतं, पार्टीत दोनदा वापरलं. मग लक्षात आलं, यात मी परत स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना नावं ठेवतोय. शिवाय तो जिंकला नसता तर मला वाईट वाटलं असतं का, याचं उत्तर माझ्याकडं नाही. मुलीला विचारलं तर तिला ती संध्याकाळ आठवतसुद्धा नाही. निदान तसं म्हणते. जर्सी आता तिला लहान होते.

तर तिकीट सोडलं. शहाणपण म्हणून नाही, लाज वाटून म्हणावं तर तेवढा सज्जनही मी नाही. घरी टीव्हीसमोर अजून ओरडतोच. फायनललाही ओरडलो.

आजोबा अधूनमधून मेसेज करतात. परवा लिहिलं होतं, तुमच्या दोन खुर्च्यांवर आता एक जोडपं येतं, चांगली माणसं आहेत, पण तिसरा क्वार्टर संपला की उठून जातात.

मी लगेच विचारलं, स्कोअर किती असताना?