पत्रिकेच्या कागदावर उमललेला ताम्हण: आमची वाटचाल

आज आम्ही कॅनव्हासवर कागदी फुलं-फुलपाखरांची चित्रं करतो, पण आमचा मूळ धंदा लग्नपत्रिकांचा. नानांनी पुण्यात पेठेत ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, टाकलं तेव्हा शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवून छपाई चालायची. पुढे ऑफसेट आलं, छपाई बाहेरून करून घ्यायची पद्धत पडली आणि ट्रेडलकडे पंचिंग, क्रीजिंग, एम्बॉसिंग, म्हणजे कापणं, घडीची रेघ पाडणं, उठाव काढणं, एवढीच कामं राहिली. उठावाचा गणपती, महिरपीसारखं उघडणारं पत्रिकेचं दार, कडेची जाळी, सगळं त्यावर व्हायचं. मग लोक मोबाइलवर आमंत्रणं धाडू लागले. पाचशे पत्रिका छापणारं घर दीडशेवर आलं, ते ‘देवापुढे ठेवायला आणि मोठ्यांना द्यायला’ म्हणून. २०२० मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली आणि तीही मागणी थांबली.

तोवर आम्हाला जगवलं ते मखरांनी. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, सजावटीचा थर्माकोलही तिच्यात आला. गणपतीच्या आरासवाल्यांना कागद हवा होता आणि कागद कापायचं यंत्र आमच्याकडे होतं. घडीची मखरं, कमानी, कागदी फुलांच्या माळा असं करत तीन-चार महिने काम पुरायचं. उरलेले महिने गोदामात पत्रिकांचा कागद पडून: मेटॅलिक, टेक्श्चर्ड, हस्तिदंती, आणि पोत्यांनी कतरण.

या कतरणीकडे वहिनींचं लक्ष होतं. वहिनी शाळेत चित्रकला शिकवत; एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांच्या किती बॅचा त्यांच्या हाताखालून गेल्या, त्यांनाच ठाऊक. निवृत्त झाल्यावर दुपारी प्रेसमध्ये येऊन बसायच्या आणि कतरणीची फुलं करायच्या. ‘या वयात कसला धंदा’ म्हणणाऱ्यांना त्या मेरी डिलेनी या इंग्लिश बाईंची गोष्ट सांगत. अठराव्या शतकातल्या या बाईंनी वयाच्या बहात्तरीत काळ्या कागदावर रंगीत कागदांची फुलं चिकटवायला घेतली आणि पुढच्या दहाएक वर्षांत ९८५ चित्रं केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. “भाऊजी, मी तर अजून साठीचीच आहे,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांनी या फुलांचा पहिला कॅनव्हास केला, दादाने तो दुकानाच्या काउंटरमागे टांगला आणि पत्रिका बघायला आलेल्या बाई पत्रिका सोडून त्याचीच किंमत विचारू लागल्या. किंमत काही ठरलेली नव्हती. दादाने तोंडाला येईल तो आकडा सांगितला आणि त्यांनी घासाघीस न करता पैसे काढले.

या कामाला मिक्स्ड मीडिया म्हणतात, म्हणजे एकाच कॅनव्हासवर रंग, कागद, पेस्ट, तार, कापड असं हवं ते एकत्र आणायचं. बाजारात तयार फुलं मुबलक मिळतात. मलबेरी कागदाचे इवलेसे गुलाब डझनावारी येतात आणि फुलपाखरांचे स्टिकर तर विचारू नका. पण ते सगळे गुलाब एका घराण्याचे, आणि बहुतेक फुलपाखरं नारिंगी-काळी मोनार्क, जी आपल्या सह्याद्रीत कुठे दिसत नाहीत. वहिनींनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, जे झाड आपल्या रस्त्यावर फुलतं तेच करायचं. माझ्या मते आमचा धंदा टिकला तो या एका हट्टामुळे. गिऱ्हाईक कॅनव्हाससमोर उभं राहतं आणि म्हणतं, “अहो, हा आमच्या कॉलनीतला ताम्हण!” मग मला फारसं बोलावं लागत नाही.

ताम्हण हे आपलं राज्यपुष्प. उन्हाळ्यात, महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे, रस्ते जांभळे करून टाकतं. पाकळ्या बहुधा सहा, देठाशी निमुळत्या, कडा चुरगळलेल्या, मध्ये पिवळ्या केसरांचा झुपका. ही चुरगळ गिरणीच्या कागदात नीट येत नाही. गिरणीच्या कागदाला ग्रेन असतो, म्हणजे तंतू एका दिशेला लोळलेले असतात. त्या दिशेने तो सहज वळतो, आडवा वळवला की मोडतो. गुलाबाची पाकळी वळवायला ग्रेन कामाला येतो, ताम्हणाला मात्र हातकागद लागतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, त्यामुळे हा कागद आम्हा प्रेसवाल्यांना नवा नव्हता. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद साच्यावर उचलला की तंतू सगळीकडे विखुरतात. ओलसर केला तरी फाटत नाही. पाकळ्या डायने, म्हणजे पाती बसवलेल्या साच्याने, कापायच्या, पाण्याचा हबका मारायचा, मलमलीच्या तुकड्यात घालून पीळ द्यायचा आणि तसंच वाळू द्यायचं. सोडवल्यावर कडेला हवी तशी सुरकुती आलेली असते.

रंगीत क्रेप कागद आम्ही घेत नाही. दिसायला झकास, पण त्यात बहुधा पाण्यात विरघळणारा रंग असतो. ओलं बोट लागलं तर उतरतो आणि खिडकीसमोर टांगला तर गुलाबीचा पांढरा होतो. आम्ही पांढराच कागद घेतो आणि पिगमेंटच्या ॲक्रिलिक रंगात पाणी घालून हाताने रंगवतो. वेळ खातो, आणि किंमत चढते ती इथेच.

कॅनव्हासची तयारी बहुतेकांना कंटाळवाणी वाटते, मला तीच आवडते. तयार कॅनव्हासला अस्तर असतंच, तरी आम्ही गेसोचा, म्हणजे पांढऱ्या अस्तर-रंगाचा, एक हात देतो. त्यावर कागदाचा थर. लोक यासाठी जुन्या इंग्रजी पुस्तकांची पानं किंवा पाश्चात्त्य संगीताची नोटेशन वापरतात, तशी छापलेली आयतीही मिळतात. आमच्याकडे पत्रिकांच्या प्रुफांचे गठ्ठे होते. वहिनी त्यातली नावं, पत्ते, मुहूर्त कापून काढतात आणि उरलेल्या ओळी मॅट मीडियमने, म्हणजे चमक नसलेल्या ॲक्रिलिक चिकटीने, चिकटवतात. वर रंगाचा पातळ हात गेला तरी कुठेतरी ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ डोकावतं, एखाद्या पाकळीखालून ‘कृपया आहेर आणू नये’ आणि खाली कोपऱ्यात ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’. ऑफसेटची शाई पाण्याने फुटत नाही म्हणून हे जमतं. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेला कागद मीडियम लागताच पसरतो, हे करून बघणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

हा थर वाळला की स्टेन्सिलवरून मॉडेलिंग पेस्ट, म्हणजे उठाव देणारा जाडसर लेप, ओढायची. आमच्याकडे पत्रिकांच्या बॉर्डरचे जुने नमुने आहेत, त्यांचीच स्टेन्सिल करून घेतली. पेस्ट पूर्ण वाळल्यावर पातळ रंग ओतायचा आणि पाण्याचा फवारा मारून त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं. खळग्यात गडद साठतो, उंचवट्यावर फिका राहतो. उंचवट्यांवरून बोटाने थोडा सोनेरी मेण-रंग फिरवला की पत्रिकेची सगळी श्रीमंती परत येते. इथे हात आवरता आला पाहिजे. नवीन मुली सोनं फासतात आणि वहिनी काही न बोलता चिंधी पुढे करतात.

फुलं लावताना मोठी आधी, मग मधली, मग कळ्या आणि पानं. मांडणी कोयरीसारखी वळती, आणि साधारण तिसरा हिस्सा मोकळा. गिऱ्हाइकाला हा मोकळा भाग ‘पैसे वाया’ वाटतो, तिथे अजून दोन फुलं टाका असा आग्रह होतो. आम्ही टाकत नाही. तिथे फुलपाखरू यायचं असतं. चिकटवायला जाड जेल मीडियम. हॉट ग्लूने काम झटपट होतं, पण एप्रिल-मेच्या उन्हात टेम्पोत पेटी तापली की तो मऊ पडतो.

फुलपाखरात आमचं ट्रेडल कामी येतं. डायवाल्याकडून पंखांची डाय करून घेताना पात्यांबरोबर पंखाच्या मुळाशी क्रीजही बसवून घ्यायची, म्हणजे एकाच दाबात पंख कापला जातो आणि कुठून दुमडायचा ते ठरतं. २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला, म्हणजे राणी पाकोळीला, राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलं. असं करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी तिलाच. काळे मखमली पंख, त्यावर निळे पट्टे, मागच्या पंखाच्या निळ्यावर काळे ठिपके. खरी राणी पाकोळी बारा सेंटिमीटरहून मोठी भरते, त्यामुळे ती तेवढीच करायची तर सोळा बाय वीस इंचांच्या कॅनव्हासवर एकच बसवावी लागते. दोन बसवल्या की भांडण दिसतं.

हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू वेगळीच अडचण घालतं. त्याची हळद आणि कुंकू दोन्ही पंखांच्या खालच्या बाजूला. वरून बघितलं तर पांढऱ्यावर काळ्या रेघा. ते पंख मिटून, फुलावर आडवं बसलेलं दाखवल्याशिवाय ओळखू येत नाही. म्हणून त्याची डाय निराळी. चिकटवायचं फक्त धडाने, पंख मोकळे; पंखा लावला की थोडे हलतात, लहान मुलं त्यावर खूश. मिशांना बारीक तांब्याची तार आणि टोकाला गोंदाचा ठिपका, कारण फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, पतंगाच्या नसते. एका निसर्गप्रेमी गिऱ्हाइकाने भिंग लावून तपासलंय.

आता सोळा बाय वीसचा कॅनव्हास साडेचार हजारांच्या आसपास जातो. प्रदर्शनात लोक म्हणतात, कागदाचे एवढे? त्यांच्याशी मी वाद घालत नाही. खरं संकट पाठवणीचं. चौकट धरून पेटी साठ बाय पन्नास बाय पंधरा सेंटिमीटरची होते. आत माल दोन किलोही नाही, पण कुरिअरचं गणित आकारमानावर: तिन्ही मापांचा गुणाकार भागिले पाच हजार, म्हणजे नऊ किलोचं भाडं. फुलं दाबून पेटी पातळ करता येत नाही. म्हणून बाहेरगावच्या गिऱ्हाइकांसाठी आम्ही बारा इंची चौरस काढला. त्यात कासच्या पठाराचे रंग: तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, सीतेच्या आसवांचा निळा. नखाएवढी फुलं, उठाव कमी, पेटी अर्ध्या जाडीची. परदेशी राहणारी मुलं आई-वडिलांना भेटायला आली की हेच बॅगेत घालून नेतात.

पावसाळ्यात मात्र काम रेंगाळतं. पेस्ट वाळत नाही, हातकागद हवेतलं पाणी पितो, कपाटात कसर लागते. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते याच कसरीसाठी. आम्ही खळ टाळतो, तयार कॅनव्हासवर मॅट वार्निशचे दोन हात देतो आणि शक्यतो खोल चौकटीत काचेआड बसवतो. काचेला पाकळी टेकणार नाही एवढी जागा फ्रेमवाल्याकडून मागून घ्यावी लागते. तो दर वेळी कमीच ठेवतो.

हल्ली पुतण्याच्या डोक्यात लेझर कटर आहे. तेरड्याची नखाएवढी पाकळी डायने कापताना पाती एवढी जवळ येतात की कागद आत अडकतो, तिथे लेझर सरस, हे मलाही पटतं. पण लेझरने पांढऱ्या कागदाची कड तपकिरी होते. सोनकीला ते खपेल, ताम्हणाला नाही, असा निकाल वहिनींनी दिला आहे. शिवाय यंत्र ठेवायचं तर ट्रेडल हलवावं लागेल, आणि ते उचलायला पूर्वीसारखे हमाल मिळत नाहीत. दिवाळीनंतर बघू, असं ठरलंय. तोवर गणपतीची मखरं संपेपर्यंत कॅनव्हासची नवी ऑर्डर घेऊ नये, हे वहिनींचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं आहे, कारण लाइटचं बिल मी भरतो.